ललिताबाईंचा डावा डोळा

मैत्रिणींनो, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ईटला मामेबहिणीकडे जाणं झालं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं, भूम तालुक्यातलं हे गाव. वाण म्हणून एरवी आपल्याला काय मिळतं? कंगवा, गाळणी, प्लास्टिकचा डबा. बहिणीनं या वेळी हौसेनं क्रीमच्या छोट्या ट्यूबा आणल्या होत्या. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आठ दिवसांत घालवू, असं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं. झालं! तिळगूळ राहिला बाजूला आणि सगळ्या जणी एकमेकींचे डोळे निरखायला लागल्या.

त्यात बहिणीची थोरली जाऊ होती. पन्नाशी ओलांडलेली. भूमकडच्या खव्याचं नाव तुम्हाला ठाऊकच असेल. या बाईचं अर्धं आयुष्य खव्याच्या भट्टीपुढं गेलेलं. धगीपुढं, धुरात डोळे बारीक करून दूध आटवायचं आणि बाहेर आलं की डोक्यावर आपल्याकडचं ऊन. तिच्या डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या रेषा उमटल्यात आणि हसली की एक डोळा जरा जास्तच मिटतो. कुणीतरी गमतीत तिला ललिता पवार म्हटलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण जाताना ती ट्यूब तिनं पदराआड धरून हळूच पिशवीत टाकली, ते मी पाहिलं.

तिथल्या कॉलेजच्या मुलींना ललिता पवार कोण, हे माहीत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, दूरदर्शनवर पुन्हा ‘रामायण’ लागलं होतं ना, त्यातली मंथरा, असं सांगितल्यावर लगेच ओळख पटली. पण मंथरेच्या त्या बारीक डोळ्यामागं काय घडलं होतं, ते मोठ्या बायकांपैकीही फारशा कुणाला माहीत नव्हतं. घरी येताना एसटीत तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून आज ललिताबाईंची गोष्ट सांगते. ती ऐकल्यावर त्या ट्यूबेचं काय करायचं, तेही आपण बघू.

येवल्याची अंबा

ललिताबाईंचं माहेरचं नाव अंबा. अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. येवलं म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते. अंबाचे वडीलही रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण जुन्या वळणाचं. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीनं सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याचं नाक कापणंच. सिनेमाला तेव्हा आवाजही नव्हता. पडद्यावर माणसं नुसती हलायची आणि मधे मधे पाट्या दिसायच्या.

अशा काळात ही मुलगी लहान वयातच कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. मूकपटात बोलून काही सांगता येत नाही. राग, प्रेम, भीती, लाज, सगळं डोळ्यांनी आणि चेहऱ्यानंच दाखवावं लागतं. ललिताबाईंची शाळा ती. डोळा किती उघडायचा, भुवई कुठं थांबवायची, नजर कधी फिरवायची, हे त्या त्या शाळेतच शिकल्या. पुढं आयुष्यभर तेच कामाला आलं.

१९३१ साली ‘दिलेर जिगर’ नावाचा मूकपट आला. तलवारबाजीचा, साहसाचा. त्यात ललिताबाई नायिका. दिग्दर्शक होते गणपतराव पवार, त्यांच्याशीच ललिताबाईंचं लग्न झालं आणि पवार हे आडनाव लागलं. पुढं हा संसार टिकला नाही, नंतर त्यांनी दुसरं लग्न केलं. १९३२ साली त्यांनी ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीतही भाग घेतला. तेव्हा त्या अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या बरं का! बोलपट आल्यावर कितीतरी मूकपट नट-नट्या मागं पडल्या. ललिताबाई मात्र टिकल्या. त्यांना गाताही येत होतं. पुढं ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता.

म्हणजे बघा, विशी-पंचविशीतली ही बाई नायिका होती, गात होती, पैसे घालून सिनेमे काढत होती. देखणी तर होतीच. पुढची दहा-पंधरा वर्षं नायिका म्हणूनच जातील, असं तिला आणि सगळ्यांनाच वाटत असणार.

एक थप्पड

१९४२ साल. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या चित्रपटाचं शूटिंग चालू होतं. प्रसंग असा होता की, नायिकेला थोबाडीत बसते. समोर होते मास्टर भगवान. ‘अलबेला’वाले आपले भगवानदादा. तेव्हा तेही तरुण होते. मारल्यासारखं दाखवायचं होतं, पण हात जोरात बसला. मुद्दाम नव्हे, अपघातानंच. पण घाव तो घावच.

ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातली शीर फुटली. चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा मारला. वय वर्षं २६. सकाळी सेटवर गेली तेव्हा ती नायिका होती. त्यानंतर आरशात जो चेहरा दिसला, त्याची एक बाजू तिचं ऐकतच नव्हती.

इथं थोडं थांबून शरीराचं गणित समजून घेऊ. आपल्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या मागून एकेक नस येते. त्या नसेच्या जोरावर आपण हसतो, डोळा मिटतो, कपाळाला आठ्या घालतो. ती नस बंद पडली की त्या बाजूचे स्नायू सैल पडतात. तोंड एका बाजूला ओढलं जातं, डोळा नीट मिटत नाही, पाणी पिताना ओठातून गळतं. आणि एक विचित्र गोष्ट होते. त्या बाजूच्या आठ्या, रेषा पुसल्यासारख्या दिसायला लागतात. कपाळ गुळगुळीत होतं. कारण सरळ आहे. रेषा पडतात त्या हालचालीमुळं. हालचालच गेली की रेषाही जातात.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ललिताबाईंचे उपचार सुमारे तीन वर्षं चालले. तीन वर्षं म्हणजे नटीच्या आयुष्यात किती मोठा काळ! त्या काळात आजच्यासारखी व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपीची केंद्रं गल्लोगल्ली नव्हती. चेहरा हळूहळू ताळ्यावर आला. हसू परत आलं, बोलणं परत आलं. पण डावा डोळा पहिल्यासारखा झाला नाही. तो कायमचा बारीक राहिला.

नायिकेचे दिवस संपले. त्या काळी नायिकेचा चेहरा कसा हवा, याचे नियम ठरलेले होते. दोन्ही डोळे सारखे, नितळ, टपोरे. तो नियम मोडणाऱ्या बाईला प्रेमगीत कोण देणार? कुणी दुसरी असती तर घर गाठून बसली असती. लोकांनीही तिला दोष दिला नसता.

आनंदीबाई, सासू आणि केळेवाली

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. १९४४ साली प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ आला, त्यात त्यांनी आनंदीबाई केली. ध चा मा करणारी, म्हणून घरोघरी जिचं नाव घेतात, तीच आनंदीबाई. नायिकेच्या भूमिकेत जो डोळा अडचणीचा ठरला असता, तो इथं कामाला आला. कट रचणाऱ्या बाईची नजर कशी असावी, ते बघणाऱ्याला न बोलता कळत होतं.

मग १९५० साली व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ आला. हुंड्यापायी सुनेचा छळ, ही गोष्ट. त्यात ललिताबाई सासू. ही सासू इतकी खरी वाटली की पुढची तीस-चाळीस वर्षं खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार, हे समीकरणच झालं. नव्या सुनांना सासूची भीती घालायची तरी त्यांचंच नाव घ्यायचे. किती बायकांनी त्यांना थिएटरात बसून शिव्याशाप दिले असतील, देव जाणे. पण सासूच्या वागण्यातला हा दुष्टपणा पडद्यावर एवढा उघडा पडला, त्यानं हुंड्याच्या प्रश्नावर बायका घराघरांत बोलू लागल्या असतील तर त्याचं थोडं श्रेय या सासूलाही द्यायला हवं.

पण त्या नुसत्या खाष्ट सासूच नव्हत्या, हे आपण विसरतो. १९५५ साली राज कपूरच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवरची केळेवाली झाल्या. गरीब, तोंडाळ आणि मनानं मोठी. १९५९ साली हृषीकेश मुखर्जींचा ‘अनाडी’ आला. त्यातल्या मिसेस डिसा तुमच्यापैकी कितीतरी जणींना आठवत असतील. वरून कडक, आतून मऊ. भाडं थकलं म्हणून ओरडायचं आणि मागून त्याच पोराच्या पोटाची काळजी करायची. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तोच बारीक डोळा ‘दहेज’मध्ये अंगावर काटा आणतो आणि ‘अनाडी’त डोळ्यांत पाणी आणतो. म्हणजे दुष्टपणा डोळ्यात नव्हताच, तो भूमिकेत होता.

‘अनाडी’त मिसेस डिसाचा शेवट कसा होतो, आठवतंय? साध्या तापावर घेतलेल्या औषधात विषारी भेसळ असते. दुकानातून आणलेलं औषध, विश्वासानं घेतलेलं. त्या औषधाचा विषय मी उगाच काढत नाहीये. आपल्या त्या ट्यूबेकडं आपल्याला परत यायचं आहे.

१९६१ साली ‘जंगली’त त्या शम्मी कपूरच्या शिस्तखोर आई झाल्या. त्याच साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६२ साली आला ‘प्रोफेसर’. माझ्या मते आपण बायकांनी हा सिनेमा ललिताबाईंसाठी परत बघावा. त्यात त्या कडक आत्याबाई आहेत. लग्न न केलेल्या, सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या. घरात म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आलेला एक मास्तर येतो आणि या आत्याबाई त्याच्या प्रेमात पडतात. वय झालेली बाई नटायला लागते, आरशापुढं रेंगाळायला लागते. थिएटरात लोक पोट धरून हसायचे.

आज तो प्रसंग बघताना मला हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. मोठ्या वयाच्या बाईला छान दिसावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? ज्या बाईचा नटण्याचा हक्क एका थपडेनं २६ व्या वर्षीच काढून घेतला होता, ती ४६ व्या वर्षी पडद्यावर आरशापुढं उभी होती. हसणाऱ्यांना ते ठाऊक नसेल. ललिताबाईंना ठाऊक होतं. तरीही त्यांनी ते काम मनापासून केलं, कुठं हात आखडला नाही. मला ईटच्या त्या वहिनींनी पदराआड लपवलेली ट्यूब आठवते ती इथंच. लपवायची गरज नव्हती हो!

१९७१ च्या ‘आनंद’मध्ये त्या दवाखान्यातल्या मेट्रन झाल्या. पुन्हा वरून कडक, आतून हळव्या. आणि १९८७ साली जानेवारीत रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं, त्यात मंथरा. तेव्हा ललिताबाईंनी सत्तरी गाठली होती. गावात एखाद-दुसरा टीव्ही असायचा, सगळी आळी तिथं जमायची, रस्ते ओस पडायचे. कैकेयीच्या कानाशी लागलेली ती वाकलेली म्हातारी आणि तिचा तो डोळा. बघताना लहान पोरं आईच्या कुशीत शिरायची. मूकपटात शिकलेली विद्या साठ वर्षांनंतरही तशीच धारदार होती.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला ललिताबाई गेल्या. मूकपटापासून टीव्हीपर्यंतचा प्रवास, शेकडो चित्रपट. त्यातले बहुतेक त्या थपडेनंतरचे.

ज्याला त्या मुकल्या, तेच आज विकत मिळतं

आता मघाची ती गोष्ट आठवा. स्नायूची हालचाल गेली की रेषा जातात. आज शहरात सुरकुत्यांवर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, ते नेमकं हेच करतं. स्नायूला तात्पुरतं लुळं करतं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी २०१३ साली. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा इंजेक्शन. तज्ज्ञ त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून घेतलं तर ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण खर्चिक आहे, आणि नवशिक्याच्या हाती पडलं तर काही आठवडे पापणी खाली उतरून बसू शकते. पार्लरमध्ये तर मुळीच घ्यायचं नाही.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्यावं, मी नाक मुरडणार नाही. पण मनात येतं ते सांगते. एका बाईनं चेहऱ्याची हालचाल परत मिळावी म्हणून तीन वर्षं घालवली. आपल्या चेहऱ्यात ती हालचाल फुकट आहे. डोळ्याच्या कडेची रेषा म्हणजे आपला डोळा मिटतो, हसतो, उन्हाकडं बघून बारीक होतो, याची खूण. ती रेषा थोडी कमी करावी, जरूर करावी. पण त्यासाठी डोळा पणाला लावू नये.

आता खरंच काय करता येतं?

डोळ्यांभोवतीची कातडी शरीरात सगळ्यांत पातळ. जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथं तेलाच्या ग्रंथीही कमी, म्हणून ती लवकर कोरडी पडते आणि वय आधी तिथंच दिसतं. आठ दिवसांत सुरकुत्या घालवणारं क्रीम जगात नाही. पण पुढच्या गोष्टींनी रेषा नवीन पडणं लांबतं आणि आहेत त्या थोड्या फिक्या होतात.

पहिला शत्रू ऊन. कातडी वेळेआधी म्हातारी होते ती सगळ्यांत जास्त उन्हानं. शेतात, बाजारात, एसटी स्टँडवर जाताना पदर किंवा स्कार्फ कपाळावर पुढं ओढून घ्या. गॉगल म्हणजे थिल्लरपणा नव्हे, तो डोळ्यांची छत्री आहे. फक्त अतिनील किरण अडवणारा, दुकानदाराकडून खात्री करून घ्या. जमलं तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन सकाळी लावा, दिवसभर उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा.

दुसरी गोष्ट चष्म्याची. चाळिशी आली की जवळचं दिसेनासं होतं. तांदूळ निवडताना, सुईत दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो आणि दिवसातून शंभरदा तीच घडी घालतो. इस्त्रीच्या घडीसारखी ती कायम होते. डोळे तपासून चाळिशीचा चष्मा घ्या. चष्मा लागला म्हणून म्हातारपण येत नाही, उलट तो रेषा वाचवतो.

तिसरी गोष्ट धूर आणि चोळणं. चुलीच्या, भट्टीच्या धुरानं डोळे चुरचुरले की आपण पदरानं खसाखसा चोळतो. त्याऐवजी स्वच्छ गार पाणी मारा आणि टिपून घ्या. खिडकी उघडी ठेवा, धूर बाहेर जाईल अशी सोय करा. काजळही रात्री तेलाचं बोट लावून हलकेच पुसा. विडी-सिगारेटनं तर सुरकुत्या लवकर येतात, हे नक्की झालेलं आहे. घरातल्या पुरुषमंडळींनाही सांगा.

चौथी गोष्ट ओलावा. रात्री तोंड धुतल्यावर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात करंगळीशेजारच्या बोटानं थोपटून लावा. बदामाचं तेलही चालतं. यानं कातडी मऊ राहते, कोरडेपणाच्या रेषा भरल्यासारख्या दिसतात. काकडीच्या चकत्यांनी सूज आणि थकवा उतरतो, सुरकुत्या जात नाहीत. पण पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायला मिळतं, तेही काही कमी नाही!

खरोखर रेषांवर काम करणारं औषध म्हणजे रेटिनॉलच्या गटातली क्रीम. त्यांना तीन-चार महिने लागतात, सुरुवातीला आग होते, कातडी सोलवटते. डोळ्यांजवळ वापरायची तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि गरोदरपणी किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तेव्हा मुळीच नाही.

आता त्या ट्यूबेविषयी

बहिणीला मी परत आल्यावर फोन केला आणि ट्यूबेवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. तिनं चष्मा लावून वाचलं. त्यात काय काय आहे, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. अशी कुठलीही ट्यूब डोळ्याजवळ न्यायची नाही, एवढं पक्कं ठरवा.

बाजारात मिळणाऱ्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी नावं वाचलीत तर सावध व्हा. अशी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, बाई खूश होते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस वाढतात. डोळ्यांभोवती बरेच दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तर पाराही सापडलेला आहे. रेष घालवायला गेलो आणि नजर घालवून बसलो, असं नको. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट हे प्रकारही डोळ्याजवळ नकोत.

अचानक तोंड वाकडं झालं तर

ललिताबाईंची गोष्ट वाचली आहेत, तर हे एवढं जपून ठेवा. कुणाचंही तोंड अचानक वाकडं झालं, डोळा मिटेना, तर अंगारेधुपारे करत बसू नका. सोबत हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो मेंदूचा झटका असू शकतो. १०८ ला फोन करून ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं एकेक मिनिट मोलाचं असतं. नुसतं तोंडच वाकडं असेल तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल तर पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं की चांगला गुण येतो, बहुतेक लोक काही आठवड्यांत-महिन्यांत बरे होतात. तोवर न मिटणारा डोळा कोरडा पडू देऊ नका. डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला, आणि रात्री तो नीट मिटलेला कसा राहील, ते त्यांच्याकडून शिकून घ्या.

आणि एक. सिनेमात थोबाडीत मारणं ही किरकोळ गोष्ट दाखवतात. कितीतरी घरांतही ती किरकोळच धरतात. एका थपडेनं डोळा जातो, कानाचा पडदा फाटतो, हे ललिताबाईंच्या चेहऱ्यावर आयुष्यभर लिहिलेलं होतं. त्यांच्यावरचा हात अपघातानं बसला होता. घरात उठणारा हात अपघात नसतो. कुणी मैत्रीण सोसत असेल तर तिला १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन नंबर देऊन ठेवा.

परवा ईटच्या वहिनींशी बोलले. ट्यूब त्यांनी टाकून दिली. त्याऐवजी चाळिशीचा चष्मा केला आणि भट्टीवर जाताना पोराचा गॉगल लावतात म्हणे! पहिल्या दिवशी बायका हसल्या. आता त्यातल्या दोघींनी स्वतःसाठी आणलेत.

वहिनींना कुणी पुन्हा ललिता पवार म्हटलं, तर आता त्या काय करणार, हेही मी विचारलं. ललिताबाईंची सगळी गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली होती. त्या नुसत्याच हसल्या. फोनवर दिसलं नाही, पण त्यांचा तो डोळा नक्की मिटला असणार.